ही खोली भाड्याची नाही

आमच्याकडे घराला एक खोली वाढवायची म्हटली की लोक पहिला प्रश्न भाड्याचा विचारतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामाला येणारी माणसं कुठेतरी राहणारच. त्यामुळे आसपासच्या गावांतून घरांच्या मागे, बाजूला, कुठे जुन्या गोठ्याच्या जागी खोल्या उभ्या राहिल्या आहेत. एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, वर पत्रा. आत पाच जण, कारखान्याच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारे. ज्यांनी अशा चार खोल्या काढल्या, त्यांच्या दारात आता मोठी गाडी असते आणि ते देशाच्या धोरणांवर बोलतात.

तेव्हा बोईसर-नवापूर रस्त्याजवळच्या आमच्या अंगणात पायाचं खोदकाम सुरू झालं, तसा येणारा-जाणारा थांबून विचारू लागला, किती काढताय? मी सांगायचो, एकच, आईसाठी. समोरचा समजूतदारपणे मान हलवायचा. मी पालघरच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तक उद्या नक्की आणून देतो म्हणणाऱ्याकडे मी ज्या नजरेने बघायचो, ती नजर आता माझ्या वाट्याला आली होती.

पण खोली खरोखरच आईची होती. आदल्या पावसाळ्यात अंगणापलीकडच्या संडासाकडे जाताना ती शेवाळलेल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर धाकटा भाऊ तिला बोईसरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला, कारण तिथे संडास चार पावलांवर होता. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे वर गेलेली आई वरच राहिली. खिडकीतून तिला पाण्याची एक टाकी, दोन धुरांडी आणि समोरच्या बाईचं वाळत घातलेलं धुणं दिसायचं. त्या धुण्यावरून त्या घरातलं कोण कधी गावाला गेलंय हे ती सांगू शकत असे. दिवाळीत आम्ही भेटायला गेलो तेव्हा निघताना तिने एवढंच सांगितलं, "येता पावसाळा मी इथं काढणार नाय."

आईने आयुष्यात धमक्या फार थोड्या दिल्या, पण दिल्या त्या पाळल्या. मृगाच्या आत, अंगणाच्या पातळीवर, संडास-न्हाणी जोडलेली एक खोली तयार व्हायला हवी होती. काम एवढंच होतं.

नकाशासाठी मी पालघरच्या एका तरुण इंजिनिअरकडे गेलो. त्याने आठवड्याभरात कॉम्प्युटरवर एक चित्र काढून दाखवलं. आमच्या कौलारू घराला एक पांढराशुभ्र ठोकळा चिकटला होता. समोर हिरवळ होती, निळं आभाळ होतं आणि कुत्र्याला फिरवणारं एक गोरंपान कुटुंब होतं, जे आमच्या गावात आलं असतं तर त्या कुत्र्याला आमच्या कुत्र्यांनी घरी जाऊ दिलं नसतं. चित्रात पाऊस मात्र नव्हता. मी विचारलं, आमचा पाऊस समुद्राकडून येतो, तिरका येतो, आला की चार-चार दिवस हलत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर छज्जा कुठे आहे? तो म्हणाला, छज्ज्याने लुक जातो, भिंतीला केमिकल मारू. बोईसरपासून इतक्या जवळ राहून केमिकल या शब्दावर एवढी श्रद्धा असलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी त्याच्याच पेन्सिलने अडीच फुटांचा छज्जा काढला. लहान मुलाने भिंतीवर रेघोट्या माराव्यात तसं त्याने त्याकडे बघितलं.

अंगणात उघडणारं स्वतंत्र दार मात्र त्याने न सांगताच ठेवलं होतं. पुढेमागे भाड्याने द्यायला बरं, म्हणाला. मी दार ठेवलं. सकाळी उठून तुळशीपर्यंत जायला आईला आमच्या स्वयंपाकघरातून वळसा पडू नये म्हणून ठेवलं. पण दाराकडे बघून ते कशासाठी ठेवलंय ते कळत नाही.

मिस्त्री मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. आठ महिने बांधकाम करायचं आणि पाऊस आला की स्वतःच्या तुकड्यात भात लावायचा, असा त्याचा वर्षाचा हिशोब. बरोबर त्याची बायको आणि मेहुणी, दोघी बिगारी म्हणून. माणूस कमी बोलणारा. प्रश्न विचारला की आधी कामाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग बहुतेक वेळा उत्तर द्यायचाच नाही. मी हे सगळं लबाडीचा पुरावा म्हणून धरत गेलो.

मला वाटतं, निवृत्त माणसाने घर बांधू नये. त्याच्याकडे वेळ असतो. मी चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकली आणि संशय घ्यायला बसलो. सळया मोजल्या. सिमेंटच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून गाठी शोधल्या. ओळंबा सोडलेला दिसला की उठून एक डोळा मिटून बघायचो, आणि काही कळलं नाही तरी हुंकार द्यायचो. आणि रेती चाखायचो.

रेती चाखणं हा माझा शोध नव्हे. आमच्या किनाऱ्याची ती जुनी रीत आहे. एकेकाळी इथली घरं खाडीच्या रेतीने बांधली गेली आणि त्या भिंतींना जन्मभर लोणा येत राहिला. रंग टिकत नाही, पोपडे पडतात, पावसाळ्यात भिंत घाम आल्यासारखी ओलावते. म्हणून आमच्याकडचा जुना माणूस ट्रक दारात आला की चिमूटभर रेती जिभेवर ठेवतो आणि थुंकतो. आता येते ती खाणीतल्या दगडाचा चुरा केलेली. तिचा आणि समुद्राचा कधी संबंध आलेला नसतो. तरी मी प्रत्येक ट्रकमधली चाखली. तिसऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने वरूनच विचारलं, "अंकल, नमक अलग से लाऊँ क्या?" मिस्त्रीची मेहुणी घमेलं खाली ठेवून हसली. मीही हसल्यासारखं केलं आणि ट्रकच्या मागच्या कोपऱ्यातली आणखी एक चिमूट घेतली.

माघात खांबांवर स्लॅब टाकला. पाणी आमच्याच विहिरीचं. स्वयंपाकघरात नळ आल्यापासून गेली कित्येक वर्षं त्या विहिरीचं पाणी फक्त परसातल्या नारळांना जातं, आणि नारळ कधी तक्रार करत नाहीत. पंप लावला की पाणीच पाणी. स्लॅबवर आळी करून तीन आठवडे पाणी भरून ठेवलं, थेंबभर गळलं नाही. बायाही त्याच बादलीतलं पाणी प्यायच्या. मी आईला फोनवर सांगितलं, काम वेळेच्या पुढे आहे.

चैत्र लागला, भिंतींचं काम सुरू व्हायच्या बेतात होतं, तेव्हा मिस्त्री माझ्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, सर, आता टँकर मागवा. मी विचारलं, का? विहिरीचं पाणी आता बरं नाय, म्हणाला. मी उठून त्याला विहिरीपाशी नेलं आणि आत बोट दाखवलं. कठड्यापासून दहा फुटांवर पाणी चमकत होतं. भरलेली आहे की, मी म्हटलं. तो पाण्याकडे बघत राहिला. माझा मोबाइल घेऊन टँकरवाल्याचा नंबर मात्र त्याने लगेच, न अडखळता, टाकून दिला.

तो नंबर तोंडपाठ असणं हे माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म होतं. मी विचार केला तो असा: ज्या स्लॅबवर सगळा भार, त्याला विहिरीचं पाणी चाललं, आणि साध्या विटा नि गिलाव्याला टँकर हवा? म्हणजे टँकरवाला याचा कोणीतरी लागतो. मी त्याला हा तर्क पायरी-पायरीने समजावून सांगितला, अर्थात 'लागतो' हे सोडून. तो सगळं ऐकून "बरं" म्हणाला. ते "बरं" मी माझा विजय समजलो, आणि संध्याकाळी बायकोला त्याचं सविस्तर वर्णन केलं. ती मेथी निवडत होती, निवडत राहिली.

त्याच सुमारास मिस्त्रीची बायको आणि मेहुणी दिवसातून तीन-चारदा शेजारच्या अंगणात जाऊ लागल्या. मी घड्याळ लावलं. एका फेरीला बारा मिनिटं. एकदा मी विचारलंच, सारखं तिकडे काय आहे? मिस्त्रीची बायको बाटली दाखवून म्हणाली, प्यायला. आणि पदर तोंडाला लावून हसली. आमच्या दारात विहीर असताना शेजाऱ्याच्या अंगणातल्या नळावर पाणी प्यायला जाणं म्हणजे गप्पांचं निमित्त, हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो.

इकडे मी मिस्त्रीवर लक्ष ठेवत होतो आणि तिकडे बोईसरमधून आई माझ्यावर. तिची बातमीदार होती नवापूरची एक मासळीवाली. ती बाई आठवड्यातून एकदा आमच्या दारात येते आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या इमारतीत सुकट-बोंबील घेऊन तीन मजले चढते. आईने तिला खोली बघून यायला सांगितलं होतं. तिने टोपली खाली ठेवली, मनापासून खोली बघितली, आणि बोईसरला जाऊन जे दिसलं ते खरंखुरं सांगितलं: मोठी खोली हाय, बाहेरून येगळं दार हाय, आतच संडास हाय, भाडं चांगलं येल.

त्या दिवसापासून आईच्या फोनची जात बदलली. आधी ती विचारायची, किती झालं? आता उलटतपासणी सुरू झाली. दार कुठं काढलंस? अंगणात, मी म्हटलं. हां, ती म्हणाली. मोरी केवढी? खिडकी रस्त्याकडं का? आणि एका संध्याकाळी, चुलीवर भात आहे का विचारावं इतक्या सहज, तिने विचारलं, "माणूस ठरला का?"

"कोण माणूस?"

"भाड्याचा."

मी हसलो. ती हसली नाही. आणि तिच्या बाजूने बघितलं तर हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्याच गावात म्हाताऱ्या माणसांच्या नावाने काढलेल्या दोन खोल्या तिला माहीत होत्या. दोन्हींत आज कारखान्यातली पोरं राहतात आणि त्या दोघी म्हाताऱ्या ओटीवर, पडद्याच्या आड. एक तर तिची बालमैत्रीण. मी म्हटलं, आई, खोली तुझीच आहे. त्या दोघींनाही हेच सांगितलं गेलं असणार, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.

वैशाख संपता संपता गिलावा झाला. न्हाणीत फरशी बसली, कमोड बसला, धरायला स्टीलचा दांडा बसला. आमच्या स्वयंपाकघरातून खोलीत जायला जे आतलं दार ठेवलं होतं, ते सुताराने इतकं चोख बसवलं की सगळ्या कामात मी कौतुक केलं ते एकट्या त्याचं. मी आईला आठ दिवसांचा वायदा दिला. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर पश्चिमेची भिंत आणि न्हाणीला लागून असलेली भिंत, खालून कमरेपर्यंत, कोणी तांदळाचं पीठ फासावं तशी पांढरी झालेली. बोट फिरवलं, जिभेला लावलं. मीठ.

मला दुःख झालं असं सांगणं खोटं होईल. मला आधी समाधान वाटलं. सहा महिने जे सिद्ध होत नव्हतं ते भिंतीने आपणहून लिहून दिलं होतं. मिस्त्री आला तसा मी त्याला भिंतीसमोर उभा केला आणि बोललो. खाडीची रेती रात्रीतून मिसळली, मी झोपेत असताना ट्रक बदलला, असं बरंच. त्याने मला पूर्ण बोलू दिलं.

"सर, तुमी रेती चाखली," तो म्हणाला. "शिमेटात हात घातला. सळया मोजल्या. पाणी कदी चाखलं?"

मी म्हटलं, पाणी आमच्या विहिरीचं आहे. माझ्या आजोबांनी खणलेल्या.

"चाखा ना मग."

त्याच्या बायकोने पोहरा सोडला आणि वर ओढला. मी ओंजळ पुढे केली. पेजेत कोणीतरी दोनदा मीठ घालावं तशी चव. मचूळ. इतकं, की दुसरा घोट घ्यायची गरज नव्हती. तरी माझ्या सवयीने मी तो घेतला.

"या बाया दीड महिना शेजारी कशाला जात व्हत्या?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. मी विचारलं, मग स्पष्ट का नाही सांगितलं? तो म्हणाला, सांगितलं ना, पाणी बरं नाय. तुमी म्हणला भरलेली हाय. माझी बायको मागच्या दारात उभी होती. तिने तेवढ्यात आपलीही भर घातली: तुम्ही एवढं सगळं तपासताय, म्हटलं पाणी तर पहिलं तपासलं असेल.

मग हळूहळू आठवू लागलं. मी लहान असताना होळी झाली की आई दोन हंडे घेऊन देवळाजवळच्या वरच्या विहिरीवर जायची. मी इतकी वर्षं समजत होतो की उन्हाळ्यात आमची विहीर आटायची. ती कधीच आटली नाही. पावसाळ्यानंतर काही महिने ती गोडी असते. ऊन चढलं, गोडं पाणी उपसलं गेलं की खालून खाडी आत येते. म्हणून माघातला स्लॅब वाचला आणि चैत्रातल्या भिंती गेल्या. हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मी इंजिनिअरला विचारलं, दोन दुकानदारांना विचारलं, जाड पुस्तकातून ओल येण्याची कारणं वाचली. ज्या बाईची खोली होती तिला मात्र सहा महिन्यांत एकही प्रश्न विचारला नव्हता. खिडकी कुठे हवी, हेसुद्धा नाही.

संध्याकाळी फोनवर मी आडून आडून विचारलं, आपल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कसं असायचं गं?

"होळीनंतर त्या पाण्याने आपण भांडी पण घासत नव्हतो. का?"

सहज, मी म्हटलं. आणि खोलीला अजून पंधरा दिवस लागतील म्हणालो. सहज असं काही विचारणारा मुलगा मी नाही, हे तिला माहीत होतं. आणि आता मी काहीतरी लपवतोय हेही कळलं होतं. दोन्ही बरोबर होतं.

मिस्त्रीने दोन्ही भिंतींचा गिलावा कमरेपर्यंत खरवडून काढला. आतल्या विटा उघड्या पडल्या. मी म्हटलं, टँकर मागवतो, आजच परत गिलावा करा. तो नको म्हणाला. आभाळ भरलंय, आता केलं तर सुकणार नाय, ओल आतच राहील. भिंतीला चार महिने वारा लागू द्या, मग गोड्या पाण्याने करू. बाहेरून त्याने ताडपत्री ताणून बांधली आणि भाताची पेरणी आली म्हणून तिघंही पाड्यावर निघून गेले. हा आता परत येत नाही, अशी माझी खात्री झाली. भात कापून झाल्यावर तो न बोलावता आला आणि गिलावा करून गेला. पण हे नंतरचं.

पावसाचा पाचवा की सहावा दिवस असेल. तिरकी झड चालू होती आणि अंगणात घोट्याएवढं पाणी. दुपारी एक रिक्षा आत शिरली आणि थेट नव्या खोलीच्या दाराशी लागली. प्लास्टिकचा पडदा बाजूला करून आधी वॉकर बाहेर आला, मग आई. इमारतीतल्या दोघांना सांगून तिने स्वतःला प्लास्टिकच्या खुर्चीतून तीन मजले खाली आणवलं होतं. भावाचा घाबरलेला फोन रिक्षा आल्यावर आला. मांडीवर एकच पिशवी होती. ती तिने खाली ठेवली नाही.

"थांब रे जरा," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "मला परत जावं लागंल."

हे त्याच्यासाठी कमी आणि आमच्यासाठी जास्त होतं.

ती खोलीत आली आणि उघड्या विटांकडे बघत उभी राहिली. हे काय, विचारलं. मी सगळं सांगितलं: टँकर, विहीर, मीठ. हातचं काही न राखता. तिने विटेवर तळहात ठेवला, मग वासासाठी नाकाशी नेला. "विचारायचं होतंस," एवढंच म्हणाली. न्हाणीत गेली, दांडा धरून वाकून पाहिलं, फ्लश सोडून पाहिला. खिडकी उघडून छज्जा किती बाहेर आहे ते बघितलं. त्याबद्दल काही बोलली नाही, म्हणजे पसंत होता. मग वॉकर वळवून ती आतल्या दाराशी गेली आणि ते लावून घेतलं. दारावर वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"कडी कुठाय?"

कडी आमच्या बाजूला होती. आमच्याकडच्या सुतारांच्या हाताला वळणच पडून गेलंय. घराला खोली जोडली की ती भाड्याची, आणि भाड्याच्या खोलीच्या आतल्या दाराला कडी घरमालकाच्या बाजूने, भाडेकरूने घरात शिरू नये म्हणून. मी त्या दाराचं लाकूड ठोकून बघितलं होतं, बिजागऱ्या उघडझाप करून बघितल्या होत्या. कडीकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, कारण मी कायम तिच्या योग्य बाजूला उभा होतो.

"अशीच लावतात," आई शांतपणे म्हणाली. "भाडेकरूला."

मी म्हटलं, ही सुताराची सवय आहे. मी म्हटलं, माझ्या लक्षात आलं नाही. दोन्ही खरं होतं. पण सहा महिन्यांत अशी वाक्यं मला ज्यांनी ज्यांनी ऐकवली, त्यांच्यातल्या एकावरही मी विश्वास ठेवला नव्हता. त्यामुळे पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी स्क्रूड्रायव्हर आणायला गेलो.

बायकोने तिच्यासाठी स्टूल आणलं. आई बसली, पिशवी मांडीवर, आणि माझ्या हाताकडे बघत राहिली, जसा मी चिकूखाली बसून बघायचो तसं. सहा स्क्रू काढले. कडी या बाजूला आणली, खिळ्याने भोकं पाडली, परत बसवली. पहिल्यांदा तिरकी बसली. तिने बोटाने खुणावलं, मी काढून पुन्हा बसवली. दरम्यान रिक्षावाला दारातून डोकावून थांबू का निघू विचारून गेला. तिने त्याला उत्तर दिलं नाही.

काम झाल्यावर ती आम्हा दोघांना म्हणाली, "आता तुमी तिकडं जा."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. आमच्या मागे दार लागलं आणि आतून कडी सरकली. मग पुन्हा उघडली, पुन्हा सरकली. पावसाच्या आवाजात वॉकरची टकटक अंगणाच्या दाराकडे जाताना ऐकू आली. "जा तू," आई कुणाला तरी म्हणाली, आणि रिक्षा सुरू झाली.

बायकोने दाराशी तोंड नेऊन विचारलं, आई, चहा टाकू का?

आतून वॉकरची टकटक दारापर्यंत आली.

"टाक. आत या, दार मी उघडीन तवा."